ट्रक कोणी बोलावला होता?

माझे पहिले बावीस फॉर्म विमलताईंनी एकेक करून वाचले. मी समोर उभी होते. एम.ए.ला पहिल्या वर्गात आलेली, अक्षर टपोरं, एकही रकाना रिकामा नाही. त्यामुळे शाबासकी मिळणार अशी माझी खात्रीच होती. शेवटचा फॉर्म खाली ठेवून त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं,

"ह्या बुधलीबेनच्या शेजारी कोण राहत होतं गं?"

मी फॉर्म उलटसुलट केला. "शेजारी म्हणजे... तसा रकाना नाहीये, ताई."

"रकाना नाहीये हे मला ठाऊक आहे. तो मी नव्हता बनवला. मी विचारतेय, शेजारी कोण होतं?"

मी फॉर्म पुन्हा चाळायला लागले.

"मग उद्या परत जा ने," त्या म्हणाल्या. "विचारून ये. बावीसही जणांना."

मी परत गेले. एस.टी.ने दीड तास, उतरल्यावर छकडो रिक्षा, मग पायी. त्या दिवशी मी विमलताईंना मनातल्या मनात खूप नावं ठेवली.

आमचं केंद्र बडोद्यात, विद्यापीठापासून चालत दहा मिनिटांवर, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. आपल्याच देशात राहून घरातून उठवल्या गेलेल्या माणसांचा अभ्यास करणं हे त्याचं काम. कारण धरण असो, कारखाना असो, रस्ता असो की दंगल. मला मुलाखतीत विचारलं होतं, निर्वासित आणि विस्थापित यांत फरक काय? मी पुस्तकातली व्याख्या सांगितली होती. विमलताईंची व्याख्या निराळी होती. "सीमा ओलांडलीस तर जग तुझी दखल घेतं, तुझ्यासाठी करार असतात, तंबू असतात. नाही ओलांडलीस तर सगळे म्हणतात, अरे, ही तर आपल्याच घरात आहे! मग घर कुठंय, असं विचारलंस की गप्प."

केंद्रात त्या विमलबेन, तरसालीच्या सोसायटीत मोहितेकाकू आणि आम्हा दोनतीन मराठी मुलींच्या विमलताई. पन्नाशी उलटलेल्या, ठेंगण्या, सुती साडी गुडघ्यापाशी किंचित उचलून चालणाऱ्या. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. फौजेतलं त्यांच्या घरात आता काहीच उरलेलं नव्हतं, एक आवाज सोडून. यजमान दत्ताजीराव नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात पाळीवर जायचे आणि घरी अगदी मोजकं बोलायचे. "आमच्याकडे बोलायचं खातं एकाकडेच आहे," ते हसून म्हणायचे.

माझे आजोबा-पणजोबा त्याच संस्थानच्या कचेरीत. कारकून, मग शिक्षक. आम्ही समा भागातल्या सोसायटीत राहणारी, हळू बोलणारी माणसं. "तुमचं घराणं सही करणाऱ्यांचं," विमलताई मला चिडवायच्या, "आमचं पहाऱ्यावर उभं राहणाऱ्यांचं." तेव्हा मला ते फक्त चिडवणं वाटायचं.

त्यांच्याकडे पीएच.डी. नव्हती. तीनदा नाव नोंदवलं होतं. "पहिला गाईड रिटायर झाला, दुसरा परदेशी गेला, तिसरा वारला. मग मीच म्हटलं, आणखी कोणाचा जीव कशाला धोक्यात घालायचा." कागदोपत्री त्या क्षेत्र-अन्वेषक होत्या, वर्षावर्षाच्या करारावर. नव्याने आलेला कोणीही डॉक्टर त्यांचा साहेब व्हायचा आणि महिनाभरात त्यांच्याच टेबलाशी येऊन विचारायचा, "विमलबेन, जरा कहो ने, त्या वसाहतीत सुरुवात कोणापासून करू?"

ती वसाहत म्हणजे विमलताईंचं जन्माचं काम. वर डोंगरात धरण झालं तेव्हा नदीकाठची गावं रिकामी करून माणसांना इकडे सपाटीवर आणलं गेलं. एका गावातली माणसं पाच वसाहतींत वाटली गेली, कारण जमीन जिथे जितकी मिळाली तितकी कुटुंबं तिथे. प्रत्येक कुटुंबाची नोंद झाली होती. माणसं किती, गुरं किती, झाडं किती, कौलं किती. विमलताई म्हणायच्या, "घर मोजलं, आळी नाही मोजली." आणि ती आळी त्या मोजत बसल्या होत्या.

त्यांची एक पद्धत होती. वसाहतीत गेल्यावर फॉर्म पिशवीतच. पहिला तासभर नुसतं बोलायचं. "कागद काढला की माणूस कागदाशी बोलायला लागतो," असं त्यांचं म्हणणं. विचारायचं ते भलतंच. विस्तव कोणाकडून आणायचात? पोर कोणाकडे टाकून शेतावर जायचात? भांडण कोणाशी होतं? मयत झालं की पहिलं कोण यायचं? मग निंबाखाली बसून त्या मराठीत वही लिहायच्या. बोलणं गुजरातीत, वही मराठीत, आणि पानाच्या उजव्या बाजूला लहान लहान गोल. प्रत्येक गोल म्हणजे बुडालेल्या गावातलं एक घर. विस्तव जिथून यायचा तिथवर एक रेघ, भांडणाची तुटक रेघ. अशी गावंच्या गावं त्यांनी वह्यांत वसवली होती.

मी लागले त्याच वर्षी केंद्रात एक परिसंवाद झाला. दिल्लीहून एक मोठे विद्वान आले होते. पडद्यावर सुंदर नकाशे, बाण, रंग. ते आमच्या वसाहतीतल्या माणसांना सारखं 'स्थलांतरित' म्हणत होते. प्रश्नोत्तरांच्या वेळी विमलताई उठल्या. माईक त्यांनी घेतला नाही, गरज नव्हती.

"साहेब, एक विचारायचं होतं," त्या हिंदीत म्हणाल्या. "मी लग्नानंतर तीन घरं बदलली. तिन्ही वेळा टेम्पो मी बोलावला. दिवस मी ठरवला. पाऊस दिसला म्हणून एकदा आठवडाभर थांबले पण. ते स्थलांतर. ह्या माणसांच्या दारात जो ट्रक उभा राहिला, तो कोणी बोलावला होता?"

विद्वान म्हणाले, प्रश्न महत्त्वाचा आहे, पण शब्दांच्या छटांमध्ये जाण्याइतका वेळ नाही.

"छटा नाही साहेब, ट्रक," विमलताई म्हणाल्या आणि बसल्या.

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. आमचे संचालक खाली मान घालून कागद जुळवत राहिले. पण पुढे मी पाहिलं, केंद्रातून निघणाऱ्या कागदांतून 'स्थलांतरित' हा शब्द हळूहळू कमी होत गेला. तो विमलताईंना भिऊन की पटून, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्यांच्याबद्दलची सगळ्यात जास्त तक्रार झाली ती बुधलीबेनच्या प्रकरणात. बुधलीबेन म्हणजे माझ्या बावीस फॉर्मांतली ती म्हातारी. तिची जुनी शेजारीण जेठीबेन दुसऱ्या वसाहतीत, दोन एस.टी. बदलून जावं लागेल इतकी लांब. उठवल्यापासून दोघींची भेट नव्हती. एका सकाळी विमलताईंनी बुधलीबेनला उठवलं, लुगडं बदलायला लावलं आणि एस.टी.त बसवलं. मीही बरोबर होते. वाटेत डेपोच्या उपाहारगृहात आम्ही शेव-उसळ खाल्ली. बुधलीबेनने फक्त पाव खाल्ला, रस्सा तिला फार तिखट लागला.

मला वाटलं होतं, दोघी गळ्यात पडून रडतील. मी तर रुमाल तयार ठेवला होता. जेठीबेन ओट्यावर तांदूळ पाखडत होती. तिने मान वर केली, बुधलीबेनकडे पाहिलं, सूप बाजूला ठेवलं आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: "ते महुडो मारो हतो."

ते मोहाचं झाड माझं होतं!

बुधलीबेन तिथेच उभी पेटली. झाड हद्दीवर होतं, फांद्या कोणाकडे, फुलं कोणाच्या अंगणात पडायची, कोणाच्या सुनेने पहाटे उठून दुसऱ्याची फुलं वेचली. सगळं निघालं. झाड कधीचं पाण्याखाली गेलेलं. दोघी तासभर भांडल्या, आणि मग जेठीबेनने चहा टाकला. निघताना दोघींनी एकमेकींचे हात धरले होते, तरी बोलणं झाडाचंच चाललं होतं.

विमलताईंनी निंबाखाली बसून वहीत त्या दिवशी तीनच शब्द लिहिले. 'शेजार शिल्लक आहे.'

केंद्रात परतल्यावर संचालकांनी बोलावलं. गृहस्थ वाईट नव्हते. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेले, केंद्र चालू राहावं म्हणून दिल्ली-गांधीनगरच्या खेपा घालणारे. "विमलबेन, जुओ," ते म्हणाले, "संशोधकाने पाहायचं असतं, ढवळाढवळ करायची नसते. तुम्ही तर माणसंच हलवलीत."

"माणसं हलवल्याचा राग तुम्हाला आज आला का, साहेब?" विमलताईंनी विचारलं.

मी दाराबाहेर होते. मला हसू आलं आणि भीतीही वाटली, कारण हे बोलणं बाईंना एक दिवस महागात पडणार हे स्पष्ट दिसत होतं.

तो दिवस यायला काही वर्षं लागली. एव्हाना कागदी फॉर्म जाऊन टॅब आले होते. वसाहतीच्या बाजूने नवा रस्ता आणि त्याला लागून कारखान्यांचे प्लॉट व्हायचे होते. म्हणजे एकदा उठवलेल्यांना पुन्हा उठवायचं. ज्या कार्यालयाकडे हे काम होतं त्याने आमच्या केंद्राला पाहणी दिली. टॅबवर शेवटचा प्रश्न होता: अधिक चांगल्या सोयी मिळत असतील तर दुसरीकडे जायला तयार आहात का? खाली दोन बटणं. हो. नाही.

माणसं त्या प्रश्नाला काय म्हणायची? "तमे कहो एम." तुम्ही म्हणाल तसं. ज्यांना एकदा उठवलेलं आहे ती माणसं, हातात यंत्र घेऊन आलेल्या शहरातल्या बाईला आणखी काय म्हणणार? पण 'तुम्ही म्हणाल तसं' असं बटण नव्हतं, आणि एक बटण दाबल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. आम्ही पाच मुली होतो. पाचही जणींनी 'हो' दाबलं. मीसुद्धा. बुधलीबेनच्या नावापुढेही.

विमलताईंनी टॅब घेतलाच नव्हता. त्या वही घेऊन मागून फिरत होत्या. आकडे छापून आले तेव्हा त्या माझ्या टेबलाशी आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बटण दाबताना बोट थांबलं होतं का गं?"

"थांबलं होतं, ताई."

"मग दाबलंस कशाला?"

"पुढचं पान उघडत नव्हतं."

त्यांनी मान हलवली. "हं. सगळ्यांचं असंच होतं. पुढचं पान उघडत नाही."

मग त्या साहेबांकडे गेल्या. ह्या वेळी दार उघडंच होतं आणि सगळं केंद्र ऐकत होतं. अहवालात 'बहुसंख्य कुटुंबे तयार' असं वाक्य होतं. विमलताईंचं म्हणणं, ते वाक्य काढा, आणि जे माणसं बोलली ते जसंच्या तसं घाला. साहेब म्हणाले, त्याला संशोधनात जागा नाही, उत्तर हो किंवा नाही असायला हवं.

"मग प्रश्न चुकलाय, माणसं नाही चुकली."

"विमलबेन, हा अहवाल नाही गेला तर पुढलं काम मिळणार नाही. इथे अकरा जणांची घरं चालतात."

"अकरा घरं मला दिसतायत साहेब. तिकडची पण दिसतायत." त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "माझं नाव काढा अहवालावरून."

"नाव काढलं तर करार पुढे कसा..."

"करार पण काढा."

साहेबांनी त्यांना वह्या जमा करायला सांगितलं. कपाटभर वह्या होत्या. विमलताई म्हणाल्या, "देते ने. वह्या माझ्या नाहीत, केंद्राच्या पण नाहीत. ज्यांचं बोलणं आहे त्यांना आधी दाखवते, मग देते. आठ दिवस लागतील."

ते आठ दिवस त्या रोज वसाहतीत गेल्या. घरोघरी बसून त्या त्या घराचं पान मोठ्याने वाचायच्या, मराठी लिहिलेलं गुजरातीत करून. तुम्ही हे बोलला होतात, बरोबर आहे? काही बदलायचंय? माणसं बदलायचीही. एकाने दोन शेळ्या वाढवल्या, एकीने नवऱ्याला मारकुटा म्हटलं होतं ते काढायला लावलं. मग ते पान गुजरातीत उतरवून, खाली सही किंवा अंगठा घेऊन, नक्कल त्या घरात द्यायच्या. दत्ताजीराव रजा टाकून बरोबर यायचे आणि नकला लिहायचे. त्यांचं अक्षर फार सुरेख होतं, हे मला तेव्हा कळलं.

चौथ्या दिवशी मी रजा टाकून गेले. विमलताईंनी मला बुधलीबेनसमोर बसवलं. "तू टॅबवर काय टाकलंस ते तिला सांग."

मी सांगितलं. तुम्ही जायला तयार आहात असं मी लिहिलंय.

बुधलीबेनने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागाने नव्हे, समजत नसल्यासारखं. "हुं क्यारे बोली?" मी कधी बोलले असं?

परत येताना एस.टी.त मी एका कागदावर लिहिलं, की हे उत्तर त्यांचं नव्हतं, मी स्वतः 'हो' दाबलं, आणि खाली सही करून तो कागद विमलताईंना दिला. त्यांनी वाचला, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला.

"मला काय देतेस? मला ठाऊक आहे. साहेबांना दे."

साहेबांच्या टेबलावर तो ठेवायला मला तीन दिवस लागले. सही करणाऱ्यांचं घराणं. पण अशी सही आमच्याकडे कोणी केली नव्हती. बाकीच्या चौघींपैकी दोघींनी माझ्यामागून आपापला कागद ठेवला.

नव्या रस्त्याबद्दलची सुनावणी तालुक्याच्या गावी, शाळेच्या पटांगणात मंडप घालून झाली. समोर अधिकारी, बाजूला आमचे साहेब. विमलताई सगळ्यात मागे, खांबाला टेकून. मला वाटत होतं, आता त्या उठतील, आता बोलतील. अधिकाऱ्यांनी अहवालातलं वाक्य वाचलं, 'बहुसंख्य कुटुंबे तयार'. विमलताई हलल्या नाहीत.

उठली ती बुधलीबेन. "हुं क्यारे बोली?"

मग तिच्या मागची एक. मग एक म्हातारा, हातात पान घेऊन. त्याला वाचता येत नव्हतं म्हणून त्याच्या नातीने वाचलं. मग रांगच लागली. प्रत्येकजण आपलं पान वाचत होता, शेळ्यांसकट, भांडणांसकट. अधिकारी वैतागून म्हणाले, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"तमारा कागळे," बुधलीबेन म्हणाली. तुमच्याच कागदाने.

मंडपात हशा पिकला. मी मागे वळून पाहिलं. विमलताई हसत नव्हत्या. त्यांचे ओठ हलत होते. पुढचा माणूस पान वाचत होता आणि त्या ते त्याच्याबरोबर शब्दन् शब्द म्हणत होत्या.

पाहणी नव्याने झाली, दुसऱ्या शहरातल्या लोकांकडून. रस्ता रद्द झाला नाही. असं क्वचितच होतं. तो थोडा सरकला. वसाहतीचा मोठा भाग वाचला, काही आळ्यांना जावं लागलं. मात्र जाणाऱ्यांनी आपली एक अट लेखी मान्य करून घेतली: इथे जे शेजारी, ते तिथेही शेजारी. कोणत्याही पुनर्वसनाच्या कागदात असं कलम मी तोवर पाहिलं नव्हतं. विमलताईंचा करार अर्थातच संपला. केंद्र चालू राहिलं, माझी नोकरीही राहिली. साहेबांनी आमचे तिन्ही कागद अहवालाला जोडले होते, हे मला पुष्कळ उशिरा समजलं. ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

मी विमलताईंना शेवटचं पाहिलं ते उठवलेल्या आळ्यांच्या नव्या जागेवर. त्यानंतर महिन्याभरात माझं लग्न होऊन मी नागपूरला गेले आणि दुसऱ्या वर्षी दत्ताजीरावांचं पत्र आलं, त्या वारल्याचं, दोनच ओळींचं. पण मला त्या आठवतात त्या त्या दिवशीच्या.

मार्च संपत आला होता, सकाळी दहालाच ऊन रखरखत होतं. मोकळ्या माळावर एक तरुण सर्वेयर चुन्याने प्लॉट आखत होता. हातात कार्यालयाची यादी. यादी नावांच्या अक्षरांप्रमाणे लावलेली होती, त्यामुळे जेमतेम बरोबर राहिलेली घरं पुन्हा चार दिशांना फेकली जात होती. माणसं त्याला सांगत होती, लेखी मान्य झालंय. तो म्हणत होता, मला यादी मिळालीय तशी मी आखतो, तक्रार असेल तर ऑफिसात जा. विमलताई काही न बोलता पुढे गेल्या आणि ओल्या चुन्याच्या रेघेवर मांडी घालून बसल्या. निळी साडी पांढरी झाली.

"बा, ऊठो ने," आईला म्हणावं तसा तो पोरगा काकुळतीला आला. "तडको छे."

"ऊन सगळ्यांनाच आहे रे," त्या गुजरातीत म्हणाल्या. "तू पण बस. तुझ्या साहेबाला फोन लाव, मी बसलेय सांग."

त्याने फोन लावला. बराच वेळ तो नुसता हो-हो करत होता, मध्येच त्यांच्याकडे बघत होता. माझी परतीची गाडी निघायला आली होती. केंद्राची जीप, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी जीपमध्ये चढले तेव्हा सर्वेयरने फोन खिशात टाकला, यादीची घडी घातली आणि बुटाच्या टाचेने त्यांच्या बाजूची रेघ पुसायला सुरुवात केली.

"थई गयुं, बा. झालं. आता तरी उठा."

जीप हलली. मागे वळून पाहिलं तर विमलताई होत्या तिथेच होत्या, एक हात कपाळावर आडवा धरून त्याच्याकडे बघत. माळावर त्यांचा आवाज मला शेवटपर्यंत स्पष्ट ऐकू आला.

"पुसलीस ते दिसलं. आधी नवी ओढ, मग उठते."